यशोदाबाईंच्या ओसरीवरचं बटन

मी बटन बोलतोय. वर्ध्याच्या एका गल्लीतलं, यशोदाबाईंच्या ओसरीवरचं काळं, गोल बटन. पंचावन्न साली घरात वीज आली तेव्हा मला भिंतीवर बसवलं आणि बाईंनी पहिल्याच दिवशी हळदीकुंकू लावलं. ते माझ्या फटीत गेलं, अजून आहे.

माझी कामं दोन. दिवा लावणं आणि मालवणं. पण या घरात दुसरं काम मला मिळेचना. दिवेलागणीला ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, सगळीकडे दिवे लागायचे, बाई हात जोडायच्या आणि जेवणं होईपर्यंत मला कुणी शिवायचं नाही. लक्ष्मीच्या येण्याच्या वेळी दिवा कसा मालवायचा? साऱ्या गल्लीचं तसंच. ओसरीवर चिटपाखरू नसलं तरी माझा दिवा आपला जळतोय. यजमान मनोहरराव बिल दाखवून कुरकुरायचे. बाईंनी कधी ऐकलं नाही आणि खरं सांगतो, मलाही त्या कुरकुरण्यात काही राम वाटला नाही.

एका संध्याकाळी बाई गल्लीच्या टोकाला शकूकडे चाळणी परत द्यायला गेल्या. शकू तरणी विधवा, दिवसभर जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायची. सातवी पास झाली तर दवाखान्यात नर्सचं शिकायला घेणार होते. परीक्षा महिन्यावर आली होती.

बाई परतल्या त्या माझ्या दिव्याकडे बघतच. मग मनोहररावांना म्हणाल्या, "मिणमिणत्या विजेच्या दिव्याखाली रॉकेलची चिमणी लावून वाचून राह्यली शकू. आपण सारे दिवे लावतो न, मंग तारेच्या शेवटच्या घराले उजेड पुरत नाई."

त्यांनी तुळशीपाशी तेलाची पणती लावली, हात जोडले आणि मला वर करून दिवा मालवला. मला फार माया आली त्यांची. मग घरोघर जाऊन त्यांनी हेच सांगितलं. शेजारच्या रुख्माबाईंनी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याही ओसरीवर पणतीच होती.

शकू पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा तिचं तोंड पाहायला बाईंनी कौतुकानं दिवा लावला. शकू डोळे पुसत हसली आणि तिनंच हात लांबवून मला वर केलं.

"राहू द्या, माय. आता माह्या बाजूची कुंता पुस्तक घेऊन बसली हाये."

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे, दोनदा दाबावं लागतं. उद्या वायरमन नवं बटन बसवणार आहे. त्या नव्या बटनाला माझा एवढाच निरोप सांगा, संध्याकाळी कुंताचा अभ्यास असतो.