सगळ्यात वाईट मॅच

चौथ्या डिव्हिजनचा खेळाडू. चौथ्या! हे मी जयंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, पण तुम्ही कितव्या डिव्हिजनचे?"

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पेठेपेठेचा संघ, मॅचच्या दिवशी निम्मी दुकानं बंद, आणि हरलं की घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. पेठेच्या संघात मी तीन सीझन होतो. मग इंजिनिअरिंग, मग पुणे, आणि २००८ पासून इथं तोक्योत, कोतो वॉर्डात, एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर. शिवानी तेव्हा तीन वर्षांची होती. बॉल तिला मी शिकवला, बिल्डिंगमागच्या बागेत, 'बॉल खेळू नये' या पाटीच्या बरोबर खाली. आणि रोज झोपताना तिला माझी फायनल ऐकायची असायची. शाहू स्टेडियम, दोन गोल बाबाचे, मग खांद्यावर घेऊन मिरवणूक. "परत सांग," म्हणायची. मी परत सांगायचो, आणि दर वेळी गर्दी थोडी वाढायची.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा नदीकाठच्या मुलींच्या क्लबात तिचं नाव घातलं. त्याच वर्षी तिथं रॉस पिकरिंग कोच म्हणून आला.

तो माझ्याच वयाचा. डोक्याला टक्कल, डावा गुडघा कामातून गेलेला. ऑफिसच्या लंच-ब्रेकमध्ये मी त्याची सगळी कुंडली इंटरनेटवरून काढली. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, अठराव्या वर्षी मोठ्या क्लबने हाकलला. मग चौदा वर्षांत सात क्लब, सगळे चौथ्या डिव्हिजनचे, उत्तर इंग्लंडातल्या पावसाळी गावांतले. मॅचेस दोनशे शहाऐंशी, गोल अकरा. उन्हाळ्यात करार संपला की मेहुण्याबरोबर लोकांची छपरं दुरुस्त करायची. २०११च्या जानेवारीत तोक्योशेजारच्या चिबातल्या एका छोट्या संघाने त्याला इकडं आणला.

दोनशे शहाऐंशी मॅचेस! हा माणूस सकाळी उठून फुटबॉल खेळायला जायचा आणि त्याला लोक 'कामाला गेला' म्हणायचे. मी त्या वेळी पुण्यात क्यूबिकलमध्ये बसून दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढत होतो. जळायचो मी. उगाच गोड शब्द कशाला शोधू? पोटात दुखायचं माझ्या.

आणि भूकंप. मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा त्याच्या संघातले बाकीचे परदेशी घरी पळाले. हा राहिला, आणि संघाच्या बसमधून वर तोहोकूला, जिथं सगळं वाहून गेलं होतं तिथं, पाण्याचे कॅन पोचवत बसला. आम्ही पाचव्या दिवशी कोल्हापुरात होतो. दीड महिन्यानं परत आलो. शेजारी कुणी चकार शब्द काढला नाही, पण इथली माणसं बोलत नसली तरी लक्षात ठेवतात. क्लबातल्या आया रॉसची गोष्ट निघाली की डोळे पुसायच्या, आणि मी बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचो.

शिवानीचं तर विचारूच नका. रॉस-कोच म्हणतात केळं अर्धा तास आधी खायचं. रॉस-कोच म्हणतात आधी बघायचं, मग धावायचं. अगं, मी काय वेगळं सांगत होतो सहा वर्षं? आणि हे सगळं जपानीत. मी मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची. गेली दोन-तीन वर्षं तिची मराठी आजीच्या फोनपुरतीच उरली होती.

एका रविवारी मॅच चालू होती. आई-बापांनी आळीपाळीनं गार चहाचे थर्मास आणायची ड्यूटी असते, ती त्या दिवशी माझी होती. शिवानीकडे बॉल आला, समोर मोकळी जागा. माझ्याच्यानं राहवलं नाही. "शिवानी, घुस आत! मार!" मी बोंबललो. सगळा काठ माझ्याकडे बघायला लागला. शिवानीनं मात्र मान वळवून रॉसकडे पाहिलं. त्यानं फक्त तळहात खाली केला. ती थांबली, डावीकडच्या मुलीला बॉल दिला, तिनं गोल मारला. घरी येताना सायकलवर शिवानी पुढं आणि मी मागं. "बाबा, यामेते," ती मागं न बघता म्हणाली. म्हणजे, बंद कर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात मला तो व्हिडिओ सापडला. सीझनची शेवटची मॅच, बरोबरी झाली तरी रॉसचा क्लब लीगमध्ये टिकणार होता. एकोणनव्वदाव्या मिनिटाला रॉस पिकरिंगनं बॉल डोक्यानं बाहेर काढायच्या नादात स्वतःच्याच जाळ्यात मारला. क्लब लीगबाहेर. म्हातारी माणसं स्टँडमध्ये रडतायत. मी तो व्हिडिओ सतरा वेळा पाहिला. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर जेवण गोड लागलं त्या दिवशी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कम्युनिटी हॉलमध्ये पालकांची मीटिंग झाली. एप्रिलपासून नवं वर्ष, त्यामुळे कोचचा करार पुढं चालू ठेवायचा का, हा शेवटचा विषय. सेक्रेटरी ओगावा-सान कागद आवरायलाच लागल्या होत्या. मी हात वर केला.

"चोत्तो शिन्पाई देस," मी म्हणालो. जरा काळजी वाटते.

एवढंच. इथल्या ऑफिसात आठ वर्षं काढल्यावर हे तीन शब्द काय करतात ते मला नीट माहीत होतं. 'का?' असं कुणी विचारत नाही. एकाला काळजी वाटली की बाकीच्यांना 'आम्हाला नाही वाटत' म्हणता येत नाही, ते उद्धटपणाचं दिसतं. सगळे टेबलाकडं बघायला लागले. मग मी त्याची डिव्हिजन सांगितली, व्हिडिओचा उल्लेख केला, पण त्याची गरज नव्हती. ओगावा-सान म्हणाल्या, "विचार करू या." इथं याचा अर्थ 'नाही' असा होतो.

आठवड्यानं पत्र आलं. रॉस-कोचचे दोन वर्षांच्या सेवेबद्दल आभार. त्याला योकोहामात कुठल्याशा जिममध्ये काम मिळालं. शिवानी जेवली नाही. "क्लबचा निर्णय आहे, बाळा," मी म्हणालो. जयंतीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ताट उचललं.

शेवटच्या सरावानंतर रॉस लंगडत माझ्याकडे आला.

"हेमचंद्र-सान, तुमच्याशी एकदा बोलायचंच होतं," तो इंग्रजीत म्हणाला. "शिवानी नेहमी सांगते. फायनल, दोन गोल, खांद्यावरून मिरवणूक. पहिल्या महिन्यातच तिनं मला ऐकवलं होतं, माझे बाबा तुमच्यापेक्षा भारी होते." तो हसला. "चौदा वर्षं खेळलो, एक फायनल नशिबी आली नाही. खरं सांगू? जळतो मी तुमच्यावर." मग त्यानं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. "ओगावा-सानना मी तुमचंच नाव सुचवलंय. पोरींना चांगला माणूस मिळेल."

मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

कारण त्या फायनलमध्ये मी बाकावर होतो. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत लावून, नव्वद मिनिटं. दोन गोल उदयने मारले, माझ्या वर्गातल्या पोराने. मिरवणूक निघाली हे खरं. खांदा माझा होता, वर उदय बसला होता. तीन सीझनमध्ये मिळून मी अकरा मिनिटं खेळलो.

एप्रिलचा पहिला रविवार. मैदानाला वाकून नमस्कार करून अठरा पोरी गवतावर गोल करून बसल्या. मी शिट्टी घालून मध्ये उभा. सराव सुरू करणार, तेवढ्यात शिवानीनं हात वर केला आणि जपानीत म्हणाली, "आधी नियम! नवीन माणसानं पहिल्या दिवशी आपली सगळ्यात वाईट मॅच सांगायची. रॉस-कोचचा नियम आहे."

"म्हणजे?"

"त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला त्यांचा ओन गोल दाखवला होता. मी सोडून सगळ्यांनी घरी जाऊन दाखवला, ओगावा-सानच्या घरीसुद्धा. मग आम्ही आमच्या वाईट मॅचेस सांगितल्या. त्यानंतर कुणाला भीती वाटत नाही."

म्हणजे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. व्हिडिओनं काहीच केलं नव्हतं. जे केलं ते माझ्या तोंडच्या तीन शब्दांनी.

शिवानी शेजारणीला कोपरानं ढोसून, चांगली ऐटीत म्हणाली, "पण माझ्या बाबाची वाईट मॅच नसेलच. ते फायनल जिंकलेत."

अठरा चेहरे वर झाले. ती तर अशी बघत होती की रोज झोपतानाचीच गोष्ट परत येणार आहे. सांगून टाकावी असं वाटलं. देवाशपथ वाटलं. गर्दी आणखी थोडी वाढवली असती की झालं.

"फायनलमध्ये मी बाकावर होतो," मी जपानीत म्हणालो. सगळ्यांना कळावं म्हणून. "एक मिनिटही खेळलो नाही. गोल माझ्या मित्राचे होते."

शिवानीचं हसू तसंच राहिलं, नुसतं चिकटवल्यासारखं.

"पण ती सगळ्यात वाईट मॅच नव्हती," मी म्हणालो. "सगळ्यात वाईट गेल्या महिन्यात झाली. कम्युनिटी हॉलमध्ये, पालकांच्या मीटिंगला. रॉस-कोचचा विषय निघाला आणि मी हात वर केला."

शिवानी हळूहळू उठून उभी राहिली. मग तिनं विचारलं, मराठीत, इतक्या दिवसांनी.

"बाबा, काय बोललास तू?"