शिळं पाणी

त्या दिवशी संध्याकाळी अण्णा ड्रम भरत होते. मागच्या भिंतीला लागून निळे ड्रम ओळीने उभे होते. नळी एकातून काढून दुसऱ्यात घालताना अण्णांच्या पायजम्याचे पाय नेहमीसारखे भिजले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लेकीला त्यांची पाठ दिसत होती. तशी ती रोजच दिसायची. आई गेल्यावर वर्षभरात अण्णांनी मागच्या अंगणात तळं खणून घेतलं, आणि तेव्हापासून या घराला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा पाठीचीच ओळख जास्त होती.

तळं म्हणजे हौसेपुरतं टाकं नव्हे. अर्धं अंगण गिळून बसलं होतं ते. काठाला सपाट दगड, एका कोपऱ्यात पाणकमळाची पानं, दुसऱ्या कोपऱ्यात पंप, आणि पंपाने वर चढवलेलं पाणी दगडावरून खाली पडत राहायचं, त्याचा दिवसभर आवाज. पाण्यात केशरी, पांढरे, काळ्या ठिपक्यांचे हातभर लांब मासे.

ती चहा घेऊन बाहेर गेली.

"अण्णा, चहा गार होतोय."

"ठेव तिथे काठावर. एवढी बाजू काढतो नि आलोच."

त्या 'आलोच'ला काही अर्थ नसतो, हे तिला ठाऊक होतं. नळी सोडून अण्णांनी आता दाताळं हातात घेतलं होतं. लांब काठीच्या टोकाला बांधलेलं ते दाताळं पाण्यातून ओढलं की त्याला शेवाळ्याचे हिरवे, ओले, केसांच्या गुंत्यासारखे पुंजके लागून यायचे. अण्णा ते काठावर झटकायचे आणि पुन्हा दाताळं टाकायचे.

"पलीकडचंही काढून टाका ना. एकदाचं सुटेल."

"सुटतंय कसलं! सगळं काढायचं नसतं, पोरी. शेवाळं नातेवाइकांसारखं असतं. फार झालं की जीव गुदमरतो, अजिबात नसलं की घर बिथरतं. निम्मं काढावं, निम्म्याशी जमवून घ्यावं."

"आणि हे ड्रम आत्ताच भरायला हवे होते?"

"नळाच्या पाण्यात औषध असतं. दोन दिवस उघड्यावर राहिलं की उडून जातं. माणसाला अन्न लागतं ताजं, माशाला पाणी लागतं शिळं."

हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते तिच्या कानांवर पडायचं, आत जायचं नाही. निदान तिला तसं वाटायचं. काठाशी एक जाडजूड पांढरी मासोळी येऊन तोंडाची उघडझाप करत होती. अण्णांनी तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं.

"आल्या बघ सासूबाई. चहात साखर किती घातलीस विचारतायत."

ती कसनुसं हसली. क्षणभर तिथेच उभी राहिली. आईच्या आजारपणात ती चार दिवसांसाठी म्हणून या घरी आली होती आणि राहूनच गेली. छापायला जाणारी पुस्तकं तपासायचं काम तिला घरी बसूनही करता यायचं. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढून तिचं पोट चालायचं, पण स्वतःचं एक वाक्य मात्र कित्येक वर्षं घशातच होतं. ते आजही वर आलं आणि आजही तिथेच थांबलं.

"चहा गार होतोय," ती पुन्हा म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठले नाहीत. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना. कप काठावर तसाच होता, सायीसकट.

मग घर भरलं. दाराशी चपलांचा ढीग झाला, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या. आलेला माणूस आधी तिचा हात धरायचा, मग उसासा टाकायचा, मग "शेवटी काही बोलले का गं?" विचारायचा. "चहा ठेव म्हणाले," असं ती सांगायची. बोलणं संपलं की मंडळी हळूच मागच्या दाराने तळ्याकडे सरकायची.

सुरुवात आत्याने केली. अण्णांची थोरली बहीण ती, रडणं आणि खाऊ घालणं तिला एकदमच यायचं.

"अगंबाई, बघ कसे तोंडं वासून आलेत! आता यांचं कोण करणार? मुकी जनावरं, पण त्यांना सगळं कळतं हो," असं म्हणत तिने पावाचा चुरा केला आणि पाण्यात टाकला. मासे झेपावले. आत्याने डोळे पुसले. "उपाशी होती बिचारी."

मासे कधी उपाशी नसतात, नुसते अधाशी असतात, असं अण्णा म्हणायचे. सकाळी मूठभर दाणे टाकायचे आणि मासे खाऊन संपवेस्तोवर जागचं हलायचं नाही. एक दाणा जरी उरून पाण्यात कुजला तरी चूक तुमची, माशांची नव्हे. हे सगळं तिला माहीत होतं. पण आत्याच्या मागोमाग शेजारीण गेली, मग चुलत भावंडं, मग अण्णांच्या ऑफिसातले म्हातारे. कुणी बिस्किटं टाकली, कुणी भात टाकला. प्रत्येकाला अण्णांसाठी काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं आता दुसरं काही उरलं नव्हतं. ती खिडकीतून बघत राहिली. मंडळी माशांना भरवत होती तोवर "तुझं पुढे काय गं?" असं तिला विचारत नव्हती. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली होती. तिने कुणाला अडवलं नाही.

मंडळींचा राबता ओसरेपर्यंत पाणी हिरवं झालं होतं. दाताळ्याने ओढता येईल असलं हिरवं नव्हे. सगळं पाणीच रंग कालवल्यासारखं दाट झालं होतं. मासे नुसते मधूनच एखादी केशरी सावली होऊन दिसायचे.

तिचा धाकटा भाऊ लांबून आला होता. त्याला दुःख झालं की हाताला काम लागायचं. त्याने गळका नळ दुरुस्त केला, बिजागऱ्यांना तेल घातलं, अण्णांच्या सायकलीला हवा भरली. आता करायला उरलं ते तळं. तो बाजारातून एक बाटली घेऊन आला.

"ताई, शेवाळ्याचं औषध आणलंय. दोन दिवसांत पाणी काचेसारखं होतं म्हणे. घालू ना?"

ती अण्णांच्या कॉटवर डोळ्यांवर हात घेऊन आडवी पडली होती. झोप येत नव्हती आणि उठवतही नव्हतं.

"घाल काय घालायचं ते."

त्याने अख्खी बाटली ओतली. अर्ध्यावर थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

आणि पाणी खरंच निवळलं. आत्या जायला निघाली तेव्हा तळ दिसत होता. "गुण आहे हो पोराच्या हाताला!" असं म्हणून आत्याने त्याच्या पाठीवर हात फिरवला, तिला कुशीत घेतलं, जाता जाता शेवटचा पाव पाण्यात टाकला आणि गेली.

पुढच्या सकाळी ती चहाचं आधण ठेवायला उठली. खिडकीतून तिने बाहेर पाहिलं आणि हातातलं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं.

सगळे मासे वर आले होते. दगडावरून पाणी पडत होतं त्याच्याखाली गर्दी करून, तोंडं पाण्याबाहेर काढून, हवा गिळत होते. पाणकमळाच्या पानांपाशी दोन केशरी मासे पोट वर करून तरंगत होते. तळाशी मेलेल्या शेवाळ्याचा तपकिरी थर बसला होता आणि त्याला कुजका वास येत होता.

भाऊ अनवाणी धावत आला.

"औषध विषारी होतं का गं?"

"औषधाने नाही. सगळं शेवाळं एकदम मेलंय. ते खाली कुजतंय, आणि कुजताना पाण्यातली हवा खातंय. यांना काही उरत नाहीये."

बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. कुणीतरी दुसरंच बोलत होतं, शांतपणे, पायजमा भिजवून.

"तुला कसं माहीत?"

"रोज चहा घेऊन जायचे ना."

त्याने धावत जाऊन नळाची नळी उचलली.

"थांब! नळाचं नको. त्यात औषध असतं, आता तेवढंही सोसायचं नाही त्यांना."

"मग कुठलं? पाणी आणू कुठून?"

ती भिंतीकडे वळली. ड्रम तिथेच होते, काठोकाठ भरलेले. पाण्यावर दोनचार पानं पडली होती. इतक्या दिवसांत कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हे कधी भरले?" त्याने विचारलं.

"त्याच संध्याकाळी."

मग तिने बादली बुडवली.

"उंचावरून ओत. अजून वर धर. फेस आला पाहिजे, फेसाबरोबर हवा आत जाते. मी खालची घाण काढते."

ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि जाळीने तळातला तपकिरी गाळ उपसून काठावर टाकू लागली. गाळ निसटायचा, पाय घसरायचे, कंबर भरून यायची. भाऊ बादल्या ओतत होता आणि त्याचे गाल ओले होते. ते कशाने, हे तिने न पाहिल्यासारखं केलं.

"ताई, मीच मारले ना गं ते दोन?"

"आपण सगळ्यांनी मिळून खाऊ घातलं त्यांना, लाडाने. आता गप्प ओत."

पाणकमळाच्या देठांत सासूबाई कलंडल्या होत्या. कल्ले हलत होते, पण फार सावकाश. तिने जाळी ठेवली, दोन्ही हात खाली घातले आणि ते पांढरं धूड सरळ केलं. पडत्या पाण्याखाली धरलं. इतक्या वर्षांत एकाही माशाला तिने हात लावला नव्हता. खरं तर ती त्यांना पाण्यात पाहायची, आणि ते बिचारे पाण्यातच होते. अंग थंडगार होतं, आणि अपेक्षेपेक्षा जड. आजारपणात आईला कुशीवर वळवताना असाच भार हातावर यायचा.

ती तशीच उभी राहिली. हात बधिर झाले, पण सोडायचा धीर होईना. हळूहळू बाकीचे मासे पडत्या पाण्यापासून पांगू लागले. एक खाली गेला, मग दुसरा. तिने मान वर केली. समोर स्वयंपाकघराची खिडकी होती. इथून ती लहानशी, काळी चौकट दिसत होती. आतलं काहीच दिसत नव्हतं. तिथे रोज कुणी उभं असायचं, हे इथून कळलंच नसतं.

भाऊ केव्हातरी आत गेला होता. आता तो कप घेऊन बाहेर आला.

"ताई, चहा गार होतोय."

"ठेव तिथे काठावर," ती म्हणाली, आणि थांबली.

सासूबाईंनी शेपटी मारली. एकदा, मग जोरात. तिच्या हातांतून निसटून त्या पानांखाली गेल्या. तिचे हात पाण्यात तसेच राहिले, रिकामे. भाऊ काठावर कप ठेवून वाकलेलाच थबकला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती अण्णा रोज उभे राहायचे त्या दगडाकडे बघत होती.

"मला हे तळं नको होतं, अण्णा," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा, नीट म्हटलं. "तळं नको होतं मला. आई गेली तेव्हा मला तुम्ही घरात हवे होतात. चहा आत, माझ्यासमोर बसून प्यायला हवा होतात."