अख्खी ओळ माझी

मित्रांनो, मी एक जुना डिव्ह आहे. वेबपानं ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, त्यातली एक खूण. मी ब्लॉक जातीचा. मजकूर चार शब्दांचा का असेना, मी नवी ओळ सुरू करतो आणि शेजारी कोणाला बसू देत नाही. कोणी याला तोरा म्हणो, मला त्याचा अभिमान आहे.

मला लिहिलं एका वहिनींनी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत. त्यांची नणंद डोळ्यांची डॉक्टर. ऑपरेशननंतर कोणते थेंब कधी घालायचे, हे रुग्णांना घरी वाचता यावं म्हणून ते पान. पहिली ओळ माझ्या भावाची: 'निळं झाकण चार वेळा पहिल्या आठवड्यात'. दुसरी माझी: 'लाल झाकण दोन वेळा दुसऱ्या आठवड्यात'. ओळी तोडायला आम्ही होतो, म्हणून वहिनींनी पूर्णविरामही दिले नाहीत. बाटल्यांच्या झाकणांचे शब्द त्या त्या रंगात रंगवायला स्पॅन होता. तो इनलाइन, शब्दापुरती जागा घेऊन वाक्यात मिसळून जातो. मी त्याला किरकोळ समजत असे.

दोन वर्षं डॉक्टरीणबाईंनी आमचं कौतुक केलं. मग त्यांनाच पान लांबलचक वाटू लागलं. वहिनींनी सगळा मजकूर स्पॅनमध्ये घातला आणि आम्हाला शेऱ्यात, म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेल्या टिपणात, टाकलं. तिथे ब्राउझर ढुंकूनही पाहत नाही. मला फार लागलं.

एके सकाळी एका शिंपीकाकांचा डॉक्टरीणबाईंना फोन आला. काकांचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं.

"बाई, लाल झाकण आजपासूनच ना? बाटली उघडलीय."

"काका, ती आधी खाली ठेवा. ते औषध ताज्या जखमेला चालत नाही."

"पण तुमच्या पानावर तर लिहिलंय, पहिल्या आठवड्यात लाल झाकण."

बाईंनी पान उघडलं. दोन्ही ओळी सलग जुळल्या होत्या आणि काका म्हणत होते तसंच तिथे दिसत होतं: '...पहिल्या आठवड्यात लाल झाकण दोन वेळा...' त्यांनी लगेच वहिनींना फोन लावला. आम्ही तासाभरात शेऱ्यातून बाहेर आलो, तेही पूर्णविरामासकट.

आठवड्याने काका दवाखान्यात आले. चांगला डोळा हाताने झाकून त्यांनी ऑपरेशनच्या डोळ्याने मला वाचलं, माझ्या शेवटी थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आजपासून लाल." माझी छाती फुगली. लाल रंग मात्र स्पॅनचाच होता, आणि त्याने माझी ओळ कुठेही मोडली नव्हती. त्या दिवसापासून मी त्याला किरकोळ म्हणत नाही.

मित्रांनो, पान लिहाल तेव्हा स्पॅनला वाक्यात राहू द्या आणि मला माझी ओळ द्या. आमची अदलाबदल करण्याआधी ते पान एकदा वाचून बघा, एक डोळा झाकून.