कॉलर आणि कफ

दुकानाच्या मागच्या खोलीत चार वर्षं लोकांच्या बाह्या आखूड करून झाल्यावर धाकटीला पुढच्या काउंटरवर जायची संधी आली. हिवाळी कपड्यांसाठी मालकीणबाईंना माणूस हवं होतं. परीक्षा एकच, स्वतः थरावर थर चढवून ऐटीत यायचं. हवा अशी बेभरवशाची, की सकाळी हुडहुडी, दुपारी ऊन आणि चारच्या सुमारास पाऊस.

त्या काउंटरवर तिची थोरली जाऊ दहा वर्षं उभी होती. घरातली धाकटी दुकानातही धाकटीच राहावी, एवढंच तिचं मागणं. तरी तिला मायेचं भरतं आलं. तिने आपला राखाडी कोट दिला आणि धाकटीचा एकुलता एक पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करायला घेतला. पाठीवर दुमडलेल्या बाह्यांवर इस्त्री जरा जास्तच रेंगाळली आणि पाठीसकट दोन्ही बाह्यांना ताटलीएवढं भोक पडलं.

"जाऊ दे गं," थोरली म्हणाली. "कोटाच्या आत कोण बघतंय? दिसतं तेवढं नीट असलं की झालं."

धाकटीचा हात शिवणात बसलेला. तिने शर्टाची कॉलर कापून बिनबाह्यांच्या स्वेटरच्या गळ्याला टाचली आणि कफ कोटाच्या बाह्यांत आतून शिवले. वर मफलर. आरशात बघून बाई स्वतःवरच खूश झाली.

दुकानात मालकीणबाईही झाल्या. "कफ काय छान डोकावताहेत! उद्यापासून इथेच उभ्या राहा."

थोरलीने वाकून काउंटरखालच्या हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"मॅडम, दुपारचं राहिलं की," ती गोड आवाजात म्हणाली. "ऊन पडल्यावर काय काढायचं, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. कोट काढून दाखव ना गं."

धाकटीने मफलर काढला आणि तिथेच थांबली. "मला नाही उकडत," ती म्हणाली. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. दोन गिऱ्हाइकं बघत उभी राहिली.

"काढा हो, संकोच कसला," म्हणत मालकीणबाईंनीच मागून कोट ओढला. कफ कोटाबरोबर गेले. धाकटी उघड्या दंडांनी, गळ्याला नुसती कॉलर लावून उभी. एक गिऱ्हाईक फिसकन हसलं, मग दुसरं. मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"मागे जा," त्या म्हणाल्या. "खोटा माल आम्ही पुढे ठेवत नाही."

मागच्या खोलीत थोरली कोट घेऊन आली.

"ताई, तुम्हीच म्हणाला होतात," धाकटी कशीबशी म्हणाली.

"दिसतं तेवढं, म्हटलं होतं. दिसलं ना?" थोरलीने बाह्या उलटून कोट तिच्या मांडीवर टाकला, वर कात्री ठेवली. "कफ उसवून दे. अस्तराला धक्का लागता कामा नये."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. धाकटीच्या दंडांवर काटा आला होता, डोळ्यांतल्या पाण्याने टाके दिसत नव्हते. तरी ती एकेक टाका उसवत राहिली. घरी दोघींना एकाच रस्त्याने जायचं होतं.

"आवर लवकर," थोरली म्हणाली. "मला थंडी वाजतेय."