खदिजाभाभीची निवा

बहरैनच्या गुदैबिया भागातल्या त्या जुन्या इमारतीखाली पांढरी रशियन गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसला तो गुंडू. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. गुंडू मूळचा गारगोटीचा. गुळाच्या ढेपा भरलेला ट्रक फोंडा घाटानं कोकणात उतरवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता बहरैनात तो एका कंत्राटदाराच्या कामगारांची बस चालवत होता. गाड्यांच्या बाबतीत इमारतीत त्याचा शब्द शेवटचा.

"लाडा निवा म्हणत्यात हिला," तो बायकोला, मंगलाला, म्हणाला. "बर्फात चालवायला केलेली. हिटर असा की पाय भाजून निघावं. इथं काय उपयोग? आणि स्टेपनी कुठं ठेवलीया बघ, बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर!"

गाडी खालच्या मजल्यावरच्या खदिजाची होती. खदिजा म्हसळ्याची. तिचा नवरा इलियास टगबोटीवर कामाला, महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. ती घरी शिवणकाम करायची आणि शिवलेले कपडे हूरा, जिदहफ्स अशा लांबच्या वस्त्यांपर्यंत पोचवायला तिला गाडी लागायची. इलियासच्या एका दोस्तानं कुवेतहून आणलेली ही निवा तिच्याकडे आली आणि आठवड्याभरात मंगला तिच्या शेजारी बसून फिरायला लागली.

मंगलानं पूर्वी एकदा गुंडूलाच विचारलं होतं, मला गाडी शिकवता का म्हणून. "बसायचं सोडून चालवायची कशाला?" असं म्हणून त्यानं विषय संपवला होता. तोच विषय आता खदिजानं उघडला आणि मंगलाला शिकवायला घेतलं.

सुरुवातीला गुंडूला मजा वाटली. मग मंगलाच्या प्रत्येक वाक्यात 'भाभी म्हणत्यात' यायला लागलं. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "निवाला तीन दांडे हाईत."

"एक गिअरचा," गुंडू भात कालवत म्हणाला, "आणि दुसरा फोर व्हील लावायचा. जीपला असतोय तसा."

"न्हाई वो. हिला फोर व्हील लावायलाच लागत न्हाई. चारी चाकं कायमच वढत्यात. दुसरा दांडा लो-हाय गिअरचा. खोल वाळूत लो टाकला की गाडी हळू जाती, पर दम सोडत न्हाई. तिसरा डिफरन्शियल लॉकचा. एकच चाक नुसतं भिरभिरायला लागलं तर त्यो लावायचा."

गुंडूचा घास हातातच राहिला. हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. "कुणी सांगितलं?"

"भाभीनी. दुसरं कोण सांगणार?"

त्या दिवसापासून त्याच्या पोटात काहीतरी जळायला लागलं. कामगारांना सोडून रिकामी बस परत नेताना तो मुद्दाम शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावरून जायचा. एकदा त्याला त्या दोघी दिसल्या. निवा आचके देत चालली होती. पॉवर स्टिअरिंग नसलेलं ते चाक मंगला दोन्ही हातांनी, खांद्यानिशी ओढत होती. पदर कमरेला खोचलेला. गाडी धाडकन बंद पडली आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. गुंडूनं बस हळू केली. आपल्यासमोर ही अशी कधी हसली होती? आठवून बघितलं, आठवेना. मागचा ट्रकवाला हॉर्न मारायला लागला तेव्हा तो तिथून निघाला.

लायसन्सच्या टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मंगला चहा घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली. "अवो, टेस्टमध्ये चढावर गाडी थांबवून परत काढायला लावत्यात म्हणं. माझी मागं सरकती. काय करायचं?"

याचं उत्तर गुंडूला झोपेतसुद्धा देता आलं असतं. घाटात भरला ट्रक त्यानं असा किती वेळा उचलला होता. पण तो म्हणाला, "तुझ्या भाभीला विचार की. गुरू त्याच हाईत न्हवं?"

मंगला रिकामा कप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती नापास झाली. चढावर निवा मागं गेली आणि तिथल्या एका पिंपावर आदळली. गुंडूला हे शेजाऱ्यांकडून जिन्यातच कळलं आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. उरलेल्या पायऱ्या तो झपाझप चढला. आत मंगला तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

तेवढ्यात मागोमाग खदिजा आली. तिचा चेहरा उतरला होता. "चूक माझीच, गुंडूभाऊ. हा मुलूख ताटासारखा सपाट. मला तरी चढाची सवय कुठली? म्हणून मीच हिला म्हटलं, घरात घाटातला ड्रायव्हर आहे, त्यांनाच विचार. तुम्ही सांगितलं होतंत ना हिला?"

गुंडू चपला काढायला खाली वाकला.

"सांगितलं व्हतं यांनी," मंगला ताटात बघतच म्हणाली. "नीट समजावून सांगितलं व्हतं. मीच इसारले."

खदिजा तिच्या पाठीवर हात फिरवून खाली गेली. मंगला तांदळातले खडे वेचत राहिली. ती भांडली असती तर गुंडूला सोपं गेलं असतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो खाली गेला आणि खदिजाकडे चावी मागितली. मंगलाला घेऊन, बसच्या फेऱ्यांत हेरून ठेवलेल्या रिफा गावाजवळच्या चढणीवर गेला. चढाच्या मध्यावर गाडी उभी करून ती तिच्या हाती दिली आणि स्वतः शेजारी बसला.

"हँडब्रेक वढ. आता जरा रेस दे, क्लच सावकाश सोड. बॉनेट उचलल्यागत झालं न्हवं? आवाज खाली बसला का? म्हंजे गाडीनं वजन घेतलं. आता सोड हँडब्रेक."

पहिल्यांदा निवा बंद पडली. मग मागं सरकली. गुंडूचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता, पण तो ओरडला नाही. पुढच्या खेपेला चारही चाकांनी रस्ता धरला आणि गाडी सरळ वर निघाली.

"जमलं!" मंगला ओरडली. "भाभीला सांगायला पायजे!"

पुन्हा तेच जळलं. आता इथंसुद्धा भाभीच. गुंडूनं ते गिळलं. "सांग की," तो म्हणाला. "पर कुणी शिकवलं ते बी सांग."

मंगलानं एकदा त्याच्याकडे बघितलं. "परवा का न्हाई सांगितलं?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "जळत व्हतो," तो म्हणाला.

 गाडी वळवून तिनं पुन्हा चढाच्या पायथ्याशी नेली.

पुढच्या टेस्टला मंगला पास झाली. इमारतीत सगळे म्हणायचे, खदिजानं मंगलाला गाडी शिकवली, आणि ते ऐकलं की गुंडूला दर वेळी टोचायचं. पण शुक्रवारी तिघं समुद्रावर निघाली की मंगला चालवायला बसायची, खदिजा तिच्या शेजारी. निवाला मागच्या सीटसाठी वेगळं दार नाही. पुढची सीट वाकवून, अंग चोरून गुंडू मागं शिरायचा आणि गुडघे छातीशी घेऊन बसून राहायचा.