शुक्रवारची पाच मिनिटं

नवऱ्याची नवी गाडी मी बिघडवली, असं पनवेलच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये झालं. मी झेबा. नवरा तौसीफ दोह्याला असतो. गेल्या सुट्टीत त्याने गाडी घेतली आणि जाताना चावी थोरल्या भावाच्या, इक्बालभाईंच्या हाती दिली. अमानत म्हणून भाईजाननी ती इतकी सांभाळली की गेटबाहेरच जाऊ दिली नाही. दर शुक्रवारी नमाजला निघण्याआधी खाली उतरायचं, सीट पुसायची, एसी लावून पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं आणि बंद करायचं. त्याचा व्हिडिओ दोह्याला जायचा. तिकडून ‘माशाल्ला’ यायचं. आमच्याकडे गल्फवाल्यांच्या गाड्या अशाच पोसल्या जातात.

लायसन्स मात्र माझ्याकडे होतं. नेऱ्याच्या शाळेत मला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि सकाळी तिकडे जायला धड सोय नाही. महिनाभर मिनतवाऱ्या केल्यावर भाईजाननी एकदाची चावी दिली. सरावाला म्हणून कोन गावापर्यंत मी नीट गेले. परत निघताना गाडी कण्हत सुरू झाली आणि समोर दिव्यांची माळच लागली. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, सगळ्यांचे दिवे पेटलेले. स्टिअरिंग तर वळता वळेना. घामाघूम होऊन घरी आणली.

“बघितलंत? बाईचा हात लागला!” भाईजान जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. गॅरेजवाल्याने दिवे बघितले आणि काहीही न तपासता स्टिअरिंगचा कंप्युटर गेला म्हणून सांगून टाकलं. सोमवारी गाडी उचलून न्यायची, दुरुस्त करून विकायची, असं दोघा भावांनी फोनवर ठरवलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

चावी भाईजाननी काढून घेतली होती, पण दुसरी तौसीफच्या कपाटात होती. रविवारी सकाळी मी ती घेतली आणि कोनच्या तुळशीरामकाकांना बोलावलं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची उमर गेलीय. त्यांनी दिव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, बॅटरीला मीटर लावला.

“मारा स्टार्टर, ताई.”

मी मारला. मीटरवरचा बाराचा आकडा धाडकन आठावर आला.

“बगा. येवढ्यात ह्या गाडीतलं कंप्युटर चालत नाय. मंग जो तो दिवा लावून बोंब मारतो. स्टिअरिंगला कायपन झालं नाय. गाडी फिरते का रोज?”

मी शुक्रवारचं सांगितलं. काका हसायलाच लागले. “सुरू करताना बॅटरीतलं जेवढं खाते, तेवढं पाच मिन्टांत भरत नाय. वरून एसी! दर शुक्रवारी थोडी थोडी मारली तिला.”

नवी बॅटरी बसली. काकांनी मशीन लावून गाडीच्या कंप्युटरमधल्या जुन्या तक्रारी पुसल्या आणि आम्ही हायवेपर्यंत चक्कर मारून आलो. एकही दिवा नाही. स्टिअरिंग एका बोटाने वळत होतं. मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

गाडीचा आवाज ऐकून भाईजान खाली आले. मी तौसीफला व्हिडिओ कॉल लावला आणि काकांना सगळं पुन्हा सांगायला लावलं. भाईजान चपलांकडे बघत उभे राहिले. त्यांनी जे केलं ते भावाच्या मायेनेच केलं होतं, हे मलाही कळत होतं. पण जिन्यात ते मोठ्याने बोलले होते, म्हणून मीही मोठ्यानेच बोलले, “भाईजान, हात तुमचा होता.”

तौसीफ म्हणाला, “ठीक आहे, विकायला नको. तू रोज चालवत जा. नाहीतर बॅटरी परत उतरेल.”

“हां, बॅटरीसाठी चालवायलाच पाहिजे,” भाईजान घाईघाईने म्हणाले. दोघांनाही हायसं वाटलेलं दिसलं.

मला हवं ते मिळालं होतं. गप्प बसायला काय हरकत होती? पण नाही बसवलं.

“बॅटरीसाठी नाही,” मी म्हटलं. “मला नोकरीवर जायचंय, म्हणून मी चालवणार. महिनाभर हेच सांगत होते, तेव्हा तुम्हा दोघांना ऐकू आलं नाही. बॅटरी भरली तर भरली.”

भाईजाननी खिशातून चावी काढून माझ्यापुढे धरली. मी घेतली. शुक्रिया म्हटलं नाही.