कंट्रोलचं शेत

"आज त्या सायबाला सांगाल ना, आमचा शेत सोडा म्हनून?" ठमाबाईने नवऱ्याच्या हातात टोपी देत विचारलं.

"सांगतो गो," जनू म्हणाला आणि वडखळच्या वाटेला लागला. पेणची एसटी तिथूनच मिळायची.

सगळा घोटाळा एका शब्दाने केला होता. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी गोड कशा करायच्या, याचं संशोधन करणारे साहेब पहिल्यांदा गावात आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "कंट्रोलला कोण शेत देतं?" गावाला कंट्रोल एकच ठाऊक, रेशनच्या दुकानाचा. कंट्रोल म्हणजे स्वस्त गहू, साखर. जनूने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि मोठा तीर मारल्याच्या ऐटीत घरी आला. मग कळलं ते असं, की बाकीच्यांच्या शेतात जिप्सम पडणार, नवं बियाणं येणार, नि जनूच्या शेताला हातही लावायचा नाही. ते होतं तसंच ठेवायचं, म्हणजे बाकीची किती बदलली ते मोजता येईल. पण शब्द देऊन बसला होता बिचारा. तो कशाच्या आशेने दिला, हे सांगायची लाज वाटायची ती वेगळीच.

पाच-सहा पावसाळे गेले. शेजारच्या रघूचं भात कमरेला लागू लागलं. जनूच्या शेतात तेच जुनं राता वाणाचं भात, तेही विरळ, मधे मधे मिठाचे पांढरे डाग. घरात तांदूळ पुरेना, म्हणून ठमाबाई मिठागरावर टोपल्या वाहू लागली. मला राग येतो तो याचा, की या सगळ्यात वाईट माणूस कोणीच नव्हता.

पेणच्या कचेरीत साहेबांनी जनूला खुर्ची दिली, चहा मागवला.

"सायेब, माजा शेत..."

"जनूभाऊ, तुमचं शेत नसतं तर आमची सगळी मोजमापं फुकट गेली असती. मातीवाले, बियाणंवाले, आता पाण्यावर काम करणारेही तुमच्याच शेताशी ताडून बघतात. अजून तीन वर्षं कळ काढा."

जनू चहा प्यायला. बशीत सांडलेलाही प्यायला. मग "व्हय" म्हणाला आणि उठला.

घरी आला तर ओट्यावर शहरातली एक बाई कागद घेऊन बसलेली. गावातल्या बायकांच्या राहणीत किती फरक पडला, ते मोजायला ती आली होती. ठमाबाईने नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"तर मावशी," बाई म्हणाली, "गेल्या पाच-सहा वर्षांत तुमच्या जगण्यात किती बदल झाला? अजिबात नाही, थोडा, की पुष्कळ?"

"आमी कंट्रोल हाव, बाय," ठमाबाई म्हणाली. "आमी बदलाचं नसतं."

बाईला ते नीटसं कळलं नाही. तिने 'अजिबात नाही'समोर खूण केली.

ठमाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कानाजवळचे पांढरे केस आत सारले आणि टोपली उचलून मिठागराकडे निघाली.